चांगुणाबाईंच्या कोंबड्या, मुक्काम बोरी

बोरी, ९ नोव्हेंबर

महारुद्रच्या आईस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहितो. परभणीवरून जाणारी जिंतूर-पाथरी गाडी आपल्या स्टँडवर थांबते. तिच्या कंडक्टर शुभदाबाई म्हणून आहेत, त्यांच्याकडं हे पत्र देतो. त्या तुझ्या भावाच्या दुकानात पोचवतील. इंतजाम आजच पक्का केला. एसटीतून रिटायर झालो तरी या रोडवर माझा शब्द अजून चालतो.

परत बोलवायला लिहीत नाही, हे आधी सांगतो. गेलीस तुझ्या मर्जीनं, येशील तुझ्या मर्जीनं. एक गोष्ट फक्त तुझ्या कानावर घालायची होती. आपल्या घरी कोंबड्या आल्यात.

झालं असं. काल सकाळी मी ओट्यावर दाढी करत बसलो होतो, तर शेजारच्या चांगुणाबाई दारात. मागं त्यांचा जावई जीप लावून उभा, त्याच्या हातात बांबूचं डालगं. चांगुणाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, परभणीला. तिथून लेकीकडं सेलूला. म्हणाल्या, "कमलबाईला हाक मारा."

म्हटलं, "ती पाथरीला गेलीय. भावजयीला बरं नाही. येईल दोन-चार दिवसांत."

"मंग ती येईस्तोर तुमी बघा," म्हणाल्या. "तिच्या भरवशावर सोडून चाललेय."

तुझी भावजय ठणठणीत आहे हे तुलाही माहीत, मलाही माहीत. पण बाई दुखऱ्या पायानं उभी, जीप सुरू, अशा वेळी घरातल्या गोष्टी काढत बसायच्या का? मी डालगं घेतलं. तीन कोंबड्या, एक कोंबडा आणि एक लाल खुडूक, तिच्या अंड्यांसकट. खुडूक म्हणजे अंड्यांवर बसलेली, हे मला चांगुणाबाईंनी सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितलं.

फिकीर करू नकोस. पुलावरून पाणी जात असताना भरली गाडी पलीकडं काढलेला माणूस मी. पाच पाखरं मला जड नाहीत. पाणी ठेवलं, दाणे टाकले, अंधार पडायला न्हाणीत कोंडली. आज सकाळी न्हाणीची काय हालत होती ते लिहीत नाही.

जेवणाचं नीट चाललं आहे. भाकरी आता गोल होते.

दिनकर

ता. क. दाणे म्हणजे ज्वारीची कणी की तांदळाची, हे चांगुणाबाई घाईत बोलल्या नाहीत. मला अंदाज आहेच. तरी खात्री केलेली बरी.


बोरी, २४ नोव्हेंबर

महारुद्रच्या आईस,

तुझा निरोप मिळाला. शुभदाबाईंनी तो गाडीच्या दारातूनच दिला, पार शेवटच्या सीटला ऐकू जाईल अशा आवाजात. "काका, काकूंनी सांगितलंय, ज्वारीची कणी टाका. खुडकीच्या जवळ पाणी ठेवा, ती उठत न्हाई, तहानली तरी उठत न्हाई. आन् भावजय आजारी हाय म्हणून गावभर सांगू नका. ती धडधाकट हाय."

गाडीतले हसले. आपल्या गावचेही दोघं होते त्यात. पुढचं पाकीट डिंकानं चिकटवणार आहे. पण सल्ला बरोबर निघाला. वाटी जवळ ठेवली तर लाल कोंबडी बसल्या जागी मान लांब करून प्याली, आणि प्याल्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू एवढे दिवस मीच तिला तहानेनं मारत होतो.

पिलं निघाली. मी शेजारीच बसलेलो होतो. आधी आतून टकटक ऐकू येते, हे तुला माहीत असेल, मला नव्हतं. मग कवचाला भोक पडतं, मग लय वेळ काहीच नाही. मला वाटलं आपण मदत करावी, नखानं थोडं सोलावं. पण लाल कोंबडीनं हातावर अशी चोच मारली की मी हात मागं घेतला. तिचं तिला कळत होतं. संध्याकाळपर्यंत तिच्या पंखाखालून बारकी डोकी बाहेर यायला लागली. काळी, पिवळी, एक तर मुंगसाच्या रंगाचं. मी उगाच महारुद्रला फोन केला. तो पुण्यात कंपनीत होता, म्हणाला, "बाबा, शिफ्ट चालू हाय, काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पिलं झाली."

आता अडचण. फरशी.

परसात शहाबादी टाकली ती चिखल होऊ नये म्हणून. तू लग्नाला गेली होतीस, मिस्त्री मोकळा होता, काम उरकून घेतलं. काम चोख झालं आहे, हे आजही म्हणतो. तुझी मेथी आणि गवती चहा त्याखाली गेला हे खरं, पण मेथी बाजारात मिळते हे मी तेव्हाच म्हणालो होतो. तू लग्नाहून आलीस, दारात उभं राहून परसाकडं बघितलंस, एक शब्द बोलली नाहीस आणि दुसऱ्या दिवशी पाथरीची गाडी धरलीस. असो. तो विषय आज नाही. विषय पिलांचा आहे.

पिलं फरशीवर घसरतात. दोन पिलांचे पाय दोन बाजूंना फाकले आहेत, उभं राहता येत नाही. पोतं अंथरलं तर त्याच्या सुतळीत नखं अडकतात. मोठ्या कोंबड्या दिवसभर फरशी उकरतात. दगडावर नखं घासल्याचा आवाज येतो, मग चोच मारतात, काही मिळत नाही, परत उकरतात. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.

यावर तुझं काही म्हणणं असेल तर शुभदाबाईंना हळू आवाजात सांग.

दिनकर


बोरी, १० डिसेंबर

महारुद्रच्या आईस,

शुभदाबाई या वेळी चांगल्या वागल्या. गाडीतून खाली उतरल्या, मला बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, "पाय फाकलेल्या पिलाच्या दोन्ही पायांना मऊ चिंधी बांधा, इंग्रजी आठावाणी. चार दिवस ठेवा. आन् पिलाला माती लागती."

मी विचारलं, "फरशीबद्दल काही म्हणाली का?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

"हसल्या," म्हणाल्या, आणि घंटी मारली.

तर चिंधी बांधली. तुझ्या जुन्या पातळाची घेतली, तीच मऊ होती. एक पिलू वाचलं, आता सगळ्यांच्या पुढं पळतं. दुसरं गेलं. ते मी परसात पुरलं असतं, पण परसात पुरायला जागा नव्हती. गावाबाहेर नेऊन पुरलं. येताना पहार घेऊन आलो.

पहिली फरशी निघता निघेना. मिस्त्रीनं माल भारी वापरला होता, त्याचं कौतुक मीच केलं होतं. एक निघाली की दुसरीची कड मोकळी होते. दुपारी शेजारची रुख्मिणी भिंतीवरून डोकावली. म्हणाली, "काका, आवंदाच तर टाकली. कामून काढायलेत?"

"कोंबड्यांसाठी काढायलोय."

"बरं बरं," म्हणाली, आणि तिथंच उभी राहून बघत बसली. नंतर चहा आणून दिला.

अंगठ्यावर फरशी पडली, फारसं काही नाही. लिहायला जरा त्रास होतो, म्हणून अक्षर असं आलंय.

खाली माती पार दगडावाणी झाली होती. पाणी सोडलं, कुदळीनं खणली, उकिरड्यावरचं कुजलेलं खत टाकलं. दुसऱ्या दिवशी कोंबड्या सोडल्या. लाल कोंबडीनं मातीत आधी एक पाय मारला, मग दुसरा. मग अंगच टाकून दिलं आणि पंखांनी धूळ उडवून घ्यायला लागली, डोळे मिटून. पिलं तिच्या अंगावरून उड्या मारत होती. बाकीच्या कोंबड्याही आल्या. परसभर धूळ. माझ्या धुतलेल्या कपड्यांवर धूळ. मी ओट्यावर बसून बघत होतो, भाकरी तव्यावर करपली ते वासानं कळलं.

गैरसमज नको. हे सगळं पाखरांसाठी केलं आहे. एका बाजूला तुरीच्या तुराट्यांची आड घातली आहे, भिंतीकडच्या अंगाला, जिथं सकाळचं ऊन येतं. तिकडं कोंबड्या जाऊ शकत नाहीत. तिथली मातीही खणून ठेवली आहे. तिथं काय लावायचं ते मी ठरवलेलं नाही.

चांगुणाबाईंचा सेलूहून फोन आला होता. ऑपरेशन नीट झालं, पण लेक आता त्यांना एकटं राहू देत नाही. म्हणाल्या, "कोंबड्या आता तुमच्याच. कमलबाईला सांगा, त्या लालीला जपा म्हणावं." मी सांगतो म्हटलं. सांगितलं.

म्हणजे आता आपण कोंबड्यांचे मालक झालो.

दिनकर


बोरी, ३ जानेवारी

महारुद्रच्या आईस,

घाईत लिहितो आहे. गाडी यायची वेळ झाली.

वरच्या आळीत मानमोडी आली आहे. पाखरू मान वाकडी करून गोल फिरतं आणि पडतं. आज सकाळी आपला कोंबडा तसाच फिरला. मी धरला तर अंग तापलेलं. दुपारी गेला. त्याला लांब नेऊन खोल पुरला, वर चुना टाकला, हात साबणानं धुतले, चपला बदलल्या, मगच बाकीच्यांत गेलो. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आजारी पाखराला लसीचा उपयोग नाही, जी धड आहेत त्यांना ताबडतोब द्या. लसीची एक बाटली शंभर पाखरांची असते. फोडली की लगेच संपवावी लागते, आणि तोपर्यंत बर्फात. मी आळीत घरोघर जाऊन सांगितलं, उद्या सकाळी सगळ्यांनी आपापली पाखरं घेऊन आपल्या घरी परसात यायचं.

परभणीच्या औषधाच्या दुकानात फोन करून बाटली राखून ठेवली आहे. शुभदाबाई उद्या पहिल्या फेरीला बर्फाच्या थर्मासात घेऊन येणार. त्या हो म्हणाल्यात. ड्रायव्हरही माझ्या हाताखाली शिकलेला आहे, उशीर करणार नाही.

फडफडणारी कोंबडी एका हातानं कशी धरतात? तू माहेरी धरायचीस. मला दोन हात लागतात, मग थेंब टाकायला हात उरत नाही. उत्तर थर्मासाबरोबर पाठव.

दिनकर


बोरी, ९ जानेवारी

महारुद्रच्या आईस,

थर्मासाच्या झाकणाला दोऱ्यानं बांधलेली तुझी चिठ्ठी मिळाली. "पंख अंगाशी मिटवून काखेत घ्या, डोकं पुढं, तिच्या डोळ्यावर हात ठेवा म्हणजे गप राहते." तुझं अक्षर लय दिवसांनी बघितलं. ते जरा बारीक झालंय.

तसंच केलं. जमलं. आता मी ते आळीतल्या बायांना शिकवतो.

तू बघायला हवं होतंस. आपल्या परसात अख्खी आळी. कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या डालग्यात चार, एक म्हातारी तर पदराखाली कोंबडा झाकून आली, त्याला नजर लागू नये म्हणून. मी सगळ्यांना लाईन लावली. एका दारानं यायचं, दुसऱ्या दारानं जायचं, उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत. कुणी ऐकलं नाही, पण लाईन राहिली. रुख्मिणीनं पाखरं धरली, मी डोळ्यात थेंब टाकत गेलो. एक डोळा, एक थेंब, पाखरानं डोळा मिटला की पुढचं. उन्हं वर यायच्या आत बाटली रिकामी केली.

मधेच ती पदरवाली म्हातारी म्हणाली, "कमलबाई कुठंय? एवढं मोठं काम, आन् ती न्हाई?"

माझ्या हातात लाल कोंबडी होती. मी म्हटलं, "पाथरीला आहे."

"भावजय अजून बरी न्हाई व्हय?"

सगळी लाईन माझ्याकडं बघायला लागली. मला तेव्हा कळलं की सगळ्यांना सगळं माहीत आहे, बहुतेक पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, "भावजय चांगली आहे. कमल तिच्या मनानं गेलीय. कधी येणार ते मला माहीत नाही."

म्हातारीनं मान हलवली. "आसं सांगावं की मंग," म्हणाली, आणि आपला कोंबडा पुढं केला. लाईन परत सुरू झाली. मला वाटलं होतं असं बोलल्यावर जमीन फाटेल. पुढच्या कोंबडीनं माझ्या सदऱ्यावर घाण केली, एवढंच झालं.

त्यानंतर आपली कबरी कोंबडी गेली. तिला आधीच लागण झाली असणार. दोन दिवस मी पहाटे उठून आधी परसात बांधलेल्या नव्या खुराड्याकडं जायचो आणि दार उघडायच्या आधी थोडा थांबायचो. आतून आवाज आला की दार उघडायचो. आता भीती गेली. लाली, उरलेल्या दोघी आणि सगळी पिलं ठीक आहेत. आळीत नुकसान थोडक्यात आटोपलं. वरच्या आळीवाले आता मला विचारत येतात. मी सांगतो.

आपल्या कोंबड्यांची अंडी सोबत पाठवतो, भुशात नीट बांधून. शुभदाबाईंना सांगितलंय, मांडीवर ठेवून न्या.

दिनकर


बोरी, २८ जानेवारी

कमल,

अंडी परत आली. एकही फुटलेलं नाही. शुभदाबाईंनी टोपली माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "काका, काकू म्हणाल्या, इथं अंडं चालत न्हाई. खानावळीत माळकरी येतात."

मी विचारलं, "कुठली खानावळ?"

त्या म्हणाल्या, "तुमाला माहीत न्हाई?"

ड्रायव्हरला हात करून त्यांनी गाडी थांबवून धरली आणि मला सगळं सांगितलं. तुझ्या भावाच्या दुकानामागची खोली. पाथरीला मंदिरात दर्शनाला येणारी माणसं दुपारी तिथं जेवतात. हाताखाली दोन बाया आहेत. गुरुवारी जागा मिळत नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, आणि पालेभाजी रोज वेगळी. बोर्ड लावलाय, बोर्डावर नाव तुझं. शुभदाबाई आणि त्यांचा ड्रायव्हर पण तिथंच जेवतात. "काकू पत्रं वाचतात ना," त्या म्हणाल्या, "भांडी आवरली की. पिलांचं वाचताना आमालाही बोलावतात. पण उत्तर लिहायला त्यांना टाइम कुठाय? त्या काय रुसून बसल्यात असं वाटलं का तुमाला?"

मला तसंच वाटलं होतं. एवढे दिवस मी लिहायला बसलो की माझ्या डोळ्यांसमोर तू असायचीस भावाच्या घरी, ओट्यावर, तोंड फिरवून बसलेली. मी त्या बाईला पत्रं लिहीत होतो. ती बाई तिथं नव्हतीच. तू चुलीपुढं होतीस, माणसं जेवायला बसवत होतीस.

घरी आलो. टोपली ठेवली. कोंबड्या दारापाशी जमल्या, त्यांना कणी टाकली. पिलं आता पिलं राहिली नाहीत. दोन तलंगा झाल्यात, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, वर्षभरात अंडी देतील असं रुख्मिणी म्हणते. मी म्हणतो त्याच्या आत देतील, मी त्यांना रोज बघतो. मुंगसाच्या रंगाचा कोंबडा निघाला. आज सकाळी त्यानं पहिल्यांदा आरवायचा प्रयत्न केला, अर्ध्यातच आवाज चिरकला आणि तो स्वतःच दचकला. लाली परत खुडूक व्हायला लागलीय. या वेळी तिच्याखाली अंडी मी ठेवणार आहे. मला जमेल. सगळं जमतंय. हे बढाईनं लिहीत नाही, खरंच जमतंय. भाकरीसुद्धा.

तुराट्यांच्या आड अजून काही लावलेलं नाही. ते तुला लिहून मी काही सुचवत नाही. जमीन आहे, ओली ठेवतो, एवढंच.

खरं सांगायचं तर माझा एक बेत होता. अंडी तुला आवडली असती तर पुढच्या वेळी मीच घेऊन आलो असतो. फुटतात, शुभदाबाईंच्या भरवशावर किती टाकायची, असं काहीतरी सांगितलं असतं. आता ते कारण गेलं. दुसरं शोधून बघितलं. तुझ्या भावाची तब्येत विचारायला येतो म्हणावं, तर तीही ठणठणीत आहे. डेपोचं काही काम काढावं, तर पाथरीत माझं काम काय. दोनदा पत्र लिहून फाडलं. एकदा तर मी लिहिलं होतं, "गुरुवारी येतो, जेवण तयार ठेव." ते वाचलं आणि चुलीत टाकलं.

तर आता कारण काही नाही. रुख्मिणी म्हणाली, एक दिवस पाखरं मी बघते. गाडीत सीट मिळेल, नाही मिळाली तर उभा राहीन, मला सवय आहे. तुझी खानावळ मला बघायची आहे. इतरांसारखा लाईनीत बसून जेवीन. तू वाढायच्या गडबडीत असशील तर बोलायची गरज नाही. घरी चल असं म्हणणार नाही. तू तिथं राहायचं ठरवलं असलंस तर तेही तुझ्या तोंडून, तिथं बसून ऐकीन.

कमल, मी येऊ का?

शुभदाबाईंची गाडी परवा इकडून जाईल, मी स्टँडवर असेन. निरोप मोठ्यानं दिला तरी चालेल. आणि त्या दिवशी निरोप आला नाही, तर तुला कामातून सवड झाली नसेल असं समजून मी पुढच्या आठवड्यात परत विचारीन.

दिनकर